वक्त्याचा नंबर

वक्ता शोधण्याचे काम परभणी जिल्ह्यात निमंत्रणपत्रिका छापायला टाकायच्या आदल्या रात्री सुरू होते. तोवर मंडप ठरलेला असतो, आचारी ठरलेला असतो, आभार कोण मानणार यावरून एक रुसवाही होऊन गेलेला असतो. पत्रिकेच्या कच्च्या प्रतीत फक्त 'प्रमुख व्याख्याते' या शब्दांखाली दोन बोटे जागा कोरी असते.

ही कोरी जागा शक्यतो बाहेरगावच्या माणसाने भरायची, असा संकेत आहे. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आलेली, त्यामुळे वक्ता पुण्यातच तयार होतो अशी समजूत गोदाकाठी पक्की आहे. वास्तविक तज्ज्ञांच्या बाबतीत परभणीइतके श्रीमंत गाव मराठवाड्यात विरळा. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. माती, कापूस, ज्वारी, कीड, प्रत्येकाला स्वतंत्र जाणकार. 'परभणी क्रांती' ही भेंडी याच विद्यापीठाची, आणि तिने परमुलखात नाव काढले. पण माणसाचे भाग्य भेंडीसारखे नसते. मंडळाच्या बैठकीत कोणी विद्यापीठातल्या सरांचे नाव सुचवले, की "सर कुठले?" असा प्रश्न येतो, "परभणीचेच" असे उत्तर मिळते आणि विषय चहावर जातो. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण शास्त्रज्ञांनाही लागू पडते.

नाव ठरले, की नंबर. विद्यापीठ दरवर्षी कृषी दैनंदिनी काढते, पण गावातल्या प्रतीत बहुधा दुधाचा हिशेब लिहिलेला आढळतो. सबब नंबर माणसांकडूनच मिळवावा लागतो. जिंतूरचा मास्तर सेलूच्या साडूकडे बोट दाखवतो, साडू मानवतच्या कृषी केंद्रवाल्याकडे, आणि त्याच्या मोबाइलमध्ये 'पाटील सर', 'पाटील सर कापूस', 'पाटील सर नवीन' आणि 'पाटील उचलू नये' अशा चार नोंदी निघतात. जुन्या डायऱ्यांचाही उपयोग मर्यादित. परभणीत १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, त्या काळच्या डायरीत नंबर सापडलाच तर तो लँडलाइनचा असतो.

फोन लागल्यावर खरी अवघड गोष्ट म्हणजे मानधन. हा शब्द दोन्ही बाजूंना उच्चारायचा नसतो. वक्ता "त्याचं काही नाही हो" म्हणतो. संयोजक ते खरे धरतो. मग जाण्यायेण्याचे निघते. मुंबईचा पाहुणा असेल तर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सुचवली जाते आणि सकाळी स्टेशनवर 'आपला माणूस' येईल असे सांगितले जाते. आपल्या माणसाचा नंबर मात्र द्यायचा राहतो.

कार्यक्रमाच्या सकाळी पाहुण्यांना ताप येतो. हा ताप सार्वत्रिक आहे. अशा वेळी पहिल्या रांगेत बसलेल्या विद्यापीठातल्या सरांनाच हाताला धरून व्यासपीठावर नेतात. सर तासभर बोंडअळीवर बोलतात, लोक जागचे हलत नाहीत, शाल-श्रीफळ त्यांनाच दिले जाते. पाहुण्यांची शाल अंगाला थोडी मोठी होते. मंडप उतरवताना संयोजक सरांना बाजूला घेतो.

"सर, फार छान झालं. पुढच्या वर्षासाठी पुण्याच्या कुणाचा नंबर आहे का तुमच्याकडं?"