सेटिंग चाललंय

आरएक्स १०० बाळगणारे कोल्हापुरात पुष्कळ. कुणी ती पुसत बसतो, कुणी पळवत सुटतो. आमचा गडी तिसराच. त्याला गाडी चालवण्यापेक्षा तिचा कार्बोरेटर उघडण्यात रस.

यामाहाची ही टू-स्ट्रोक १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. जपान्यांनी डोकं लावून बसवलेली गाडी. ह्याचं म्हणणं एवढंच, की त्यांनी काम अर्धवट सोडलं आणि उरलेलं ह्याच्या वाट्याला आलं.

घरातला मिसळणाचा डबा त्याच्या ताब्यात आहे. मोहरीच्या वाटीत मेन जेट, जिऱ्याच्या वाटीत पायलट जेट, हळदीच्या वाटीत निडलच्या क्लिपा. बायको फोडणीची मोहरी प्लास्टिकच्या पिशवीतून काढते. रात्री जेवण झालं की गडी एक जेट उचलून ट्यूबलाइटसमोर धरतो आणि एक डोळा मिटतो. पितळेचा इवलासा तुकडा, मधे पेट्रोल जायला सुई जेमतेम शिरेल एवढं भोक. फुंकर मारतो, पुन्हा बघतो. "ह्यो जरा कमीच सोडतोय."

कार्बोरेटरचा गळा कंपनीनं मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. तिथून हवा जोरात जाते, दाब कमी होतो, पेट्रोल वर ओढलं जातं. ह्यानं लेथवाल्याला गाठून तो गळाच मोठा करून घेतला. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद, असा सरळ हिशेब. कमी रेसवर हवेचा जोर मरतो आणि पेट्रोलची ओढ बसते, हे त्याला माहीत आहे. तो ते मनावर घेत नाही.

गाडी मात्र घेते. दसरा चौकातल्या सिग्नलला हमखास बंद पडते. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि हा खाली उतरून प्लग काढतो, जीभ तपासणाऱ्या डॉक्टरसारखा निरखतो. तपकिरी असला तर तब्येत उत्तम, काळा असला तर पेट्रोल जादा, पांढरा असला तर कमी. पांढऱ्या प्लगवर तशीच दामटली की इंजिन तापून पिस्टन धरतो. असे गेलेले दोन पिस्टन शोकेसमध्ये आहेत, मुलाच्या बक्षिसांशेजारी.

"खालनं जरा अडतीया खरं," तो हवालदाराला समजावतो, "वरनं कशी सुटतीया बघा, साहेब!" वरनं म्हणजे पूर्ण रेसवर. महाद्वार रोडच्या गर्दीत ती कुठं द्यायची, हे हवालदारालाही सुचत नाही. अ‍ॅव्हरेज विचारणारा माणूस त्याच्या मनातून कायमचा उतरतो.

बायको नरसोबाच्या वाडीला एसटीनं जाते, कारण गाडीचं सेटिंग चाललंय. लग्न झालं तेव्हाही ते चालूच होतं.

मधे गाडी चुकून उत्तम चालायला लागली. पहिल्या किकला सुरू, सिग्नलला शांत उभी. गडी चार दिवस बेचैन. पाचव्या दिवशी निडलची क्लिप एक खाच वर सरकवली, गाडी पुन्हा अडायला लागली, तेव्हा कुठं त्याला जेवण गोड लागलं.

तुमच्याकडे कंपनीच्या सेटिंगची आरएक्स असेल, तर कृपा करून ह्याच्या गल्लीतून नेऊ नका. नेलीच तर थांबू नका. आवाजावरून तो घराबाहेर येतो आणि "दोनच मिनिटं द्या" म्हणतो.