तिसऱ्या मजल्यावरचं तळघर

नाशिकला सुलाच्या वाइन टेस्टिंगमध्ये ग्लास गोल फिरवून, त्यात नाक खुपसून आलो आणि कोथरूडच्या आमच्या फ्लॅटला तळघराची उणीव आहे हे मला एकदम जाणवलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पण वाइनला लागतं काय? १२-१४ अंश तापमान, जरा दमटपणा आणि अंधार. यातला अंधार आमच्या भिंतीतल्या कपाटात फुकट होता.

पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर चढवल्या. माळ्यावरच २०१८च्या थर्माकोलबंदीपासून दडवलेलं गणपतीचं मखर सापडलं. ते कापून कपाटाला आतून चिकटवलं. नक्षीचे दोन खांब कापायला जीव झाला नाही. त्यामुळे दार उघडलं की बाप्पाच्या जागी शेनिन ब्लांक विराजमान दिसायची.

"बाटल्या आजारी आहेत का रे? आडव्या निजवल्यास त्या!" आई म्हणाली.

मी तिला समजावलं, की बूच ओलं राहायला हवं, सुकलं तर आकसतं आणि हवा आत शिरते. आई चष्मा लावून एकेक बाटली न्याहाळत गेली. सहापैकी पाचांना फिरकीचं झाकण होतं.

गारव्यासाठी पेल्टिअरचं छोटं यंत्र आणलं. ते उष्णता नाहीशी करत नाही, एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकतं. ती दुसरी बाजू कपाटाबाहेर हवी. पण सागवानी दाराला भोक पाडायचं नाव काढताच बायकोनं ड्रिल मशीन शेजाऱ्यांना देऊन टाकलं. मग अख्खं यंत्र आतच बसवलं. तीन दिवसांनी पाहिलं तर हॉलमध्ये ३४ अंश, तळघरात ३८. थर्माकोलनं एक अंशही बाहेर जाऊ दिला नव्हता.

एक बाटली उघडली. उकडलेल्या मनुकांचं पाणी! मित्राला फोन केला, तर म्हणाला, "अरे, आपल्याकडची शेनिन ब्लांक मुरवतात कशाला? वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायची ती." मुरवायला ती काय लोणचं होती?

मे महिना होता. रविवारी दार उघडलं तर हापूसचा घमघमाट. बाटल्या कोपऱ्यात उभ्या, आणि दोन खांबांच्या मधे पेंढ्यात आईनं घातलेली आढी.

मी यंत्राच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे चालू," आतून आवाज आला. "खालच्या थराला अजून दोन दिवस लागतील."