फीत कापली तेराव्याला

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर शाळेत संगणक येतो तो वाजतगाजत. नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पुरवठादार छाती फुगवून सांगतो, "लिनक्स टाकलंय साहेब. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही." बोलणं बरंचसं खरं. पण प्रणाली फुकट असली तरी तिचं दाणापाणी कुठून येणार, हे फोटोत उभं असलेलं कोणी विचारत नाही.

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर येतं रिपॉझिटरीतून. हे सरकारी गोदाम समजा. 'सोर्सेस डॉट लिस्ट' ही फाइल म्हणजे रेशनकार्ड. माल कुठल्या दुकानातून उचलायचा ते त्यावर लिहिलेलं. पोत्यावरचं सील, म्हणजे डिजिटल सही, जुळलं तरच माल घरात. डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या १२व्या आवृत्तीच्या गोदामात तर ६४ हजारांवर पॅकेजेस. व्यवस्था चोख आहे. फक्त दुकान हललं की कार्डावरचा पत्ता आपोआप बदलत नाही.

आणि आवृत्तीची मुदत संपली की दुकान हलतंच. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स-प्रकाराची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती दर दोन वर्षांनी येते, तिला पाच वर्षं फुकट अपडेट. अधल्यामधल्या आवृत्त्यांचं आयुष्य नऊ महिने. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेली १९.१० जुलै २०२० मध्ये निकालात निघाली. आता सरकारी खरेदीचा हिशेब लावा: निविदा, फेरनिविदा, पुरवठा, मग पाहुण्यांची तारीख. नऊ महिन्यांत आपल्याकडे फाइल टेबल बदलत नाही. पुरवठादाराने हौसेने 'नवीनात नवीन' टाकलं असेल, तर फीत कापली जाते ती त्या आवृत्तीच्या तेराव्याला.

मग मुलांना भूमिती दाखवावी म्हणून गुरुजी जिओजेब्रा टाकायला बसतात. 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट' अशी आज्ञा देतात. पडद्यावर ओळीमागून ओळ: ४०४, नॉट फाउंड. माल 'ओल्ड रिलीजेस' सर्व्हरवर गेलेला असतो. पत्ता बदलला तर मिळतो, पण शिळा. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात येणार नाहीत. हे सांगायला पुरवठादार आता फोन उचलत नाही. यूट्यूब मात्र तत्पर. सही जुळत नाही? 'ट्रस्टेड=यस' लिहा. तरी नाही? कोणाचा तरी पीपीए, खाजगी गोदामच, जोडा. म्हणजे सील तोडा आणि मिळेल ते पोतं घरात घ्या. हा उद्योगही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, सीमेवरचा फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो की गुजरातचा या वादातून सवड मिळाली तर.

१९४५ साली याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारी मोडली. तिथेच आज गुरुजी खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं उरकून शाळेचे सिस्टिम अ‍ॅडमिन होतात. बिनपगारी आणि बिनप्रशिक्षणाचे.

प्रणालीची वानवा नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर बेतलेली 'बॉस' २००७ सालीच काढली. वानवा आहे ती सांभाळणाऱ्याची. एलटीएस टाका. आपल्या आवृत्तीचं सगळं गोदाम दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर मावतं. 'अ‍ॅप्ट-मिरर'ने त्याची नक्कल तालुक्याच्या गावी उतरवा, अधूनमधून ताजी करा आणि शाळाशाळांत फिरवा. सह्या शाबूत, इंटरनेटची भीक नको. पण खर्च इतका किरकोळ की त्याचं भूमिपूजन कोण करणार? याच डहाणू तालुक्यात वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर मंजूर होतं, कारण ते नकाशावर दिसतं. डिस्क दिसत नाही.

तेव्हा पुढच्या निविदेत दोन रकाने वाढवा: 'या आवृत्तीची मुदत कधी संपते' आणि 'त्यानंतर नवी कोण घालणार'. दुसऱ्या रकान्यात नाव लिहिता येत नसेल, तर नारळ तेवढा वाचवा.