सूटेच्छुक

पन्नाशीपर्यंत या गृहस्थाचं सुटावाचून काहीही अडलेलं नसतं. नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवलीत रामनगरातल्या चाळीतून टिळकनगरातल्या वन-बीएचकेत बिऱ्हाड गेलं, सगळं शर्ट-पँटीत. लग्नाच्या अल्बममध्ये अंगावर कोट दिसतो खरा, पण तो मेव्हण्याचा. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या, म्हणून सगळ्या फोटोंत हात पाठीमागे. मग मुलीचं लग्न ठरतं. व्याह्यांकडचे झाडून सगळे पुरुष रिसेप्शनला सुटात येणार, अशी पक्की खबर लागते आणि मुलगी बजावते, "बाबा, या वेळी सूटच. तो क्रीम कलरचा सफारी काढलात तर मी स्टेजवरून खाली उतरेन."

त्या क्षणापासून तो सूटेच्छुक होतो.

विवाहेच्छुकांसारख्या याच्याही अपेक्षा ठरलेल्या असतात. सूट भारी दिसला पाहिजे, पाच हजारांच्या आत बसला पाहिजे आणि नंतर उपयोगी पडला पाहिजे. त्यातली तिसरी अट खरी. एका संध्याकाळीपुरता कपडा घ्यायचा, ही कल्पनाच त्याला सोसत नाही. पँट ऑफिसला होईल, कोट जीन्सवर चालेल, मुलाच्या इंटरव्ह्यूला कामी येईल (मुलगा बापापेक्षा चार इंच उंच), शिवाय मामांचं सहस्रचंद्रदर्शन आहेच पाच वर्षांनी. याच माणसाने फ्लॅट बघितला त्याच दिवशी बिल्डरला टोकन दिलं होतं.

पहिली धाव कपाटाकडे. तिथे आहेरात आलेला सूटपीस असतो, खोक्यासकट. सूटपीस शिवायचा नसतो, पुढच्या लग्नात द्यायचा असतो. हा एवढा याच्याकडे अडकला, कारण खोक्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेनाने 'चि. सौ. कां.'पासून सगळं लिहून ठेवलेलं. डांबरगोळ्यांच्या वासासकट तो टेलरपुढे ठेवतो आणि अभिमानाने सांगतो, "ठाण्याचं कापड आहे!" हे त्याने स्वतःच विणल्यासारखं सांगितलं, तरी बढाई सगळीच खोटी नव्हे. रेमंडची लोकरीची गिरणी 1925 साली ठाण्यातच निघाली, 1944 मध्ये ती सिंघानियांकडे आली आणि पुढे देशभरच्या नवरदेवांच्या अंगावर ठाण्याचं नाव चढलं. पोखरण रोडवरच्या त्या जमिनीवर आता टॉवर उभे राहिलेत. जिथे कापडाचा मीटर होता, तिथे घराचा स्क्वेअर फूट आहे.

टेलरला या इतिहासात रस नसतो. तो टेप काखेतून काढून कापड मोजतो. "पावणेतीन मीटर. तुम्हाला सव्वातीन लागेल." हे बोलताना नजर पोटाकडे. मग विचारतो, "कॅनव्हास घालू की फ्यूजिंग?" कोटाच्या छातीत जे कडक कापड असतं ते टाके घालून बसवलं तर कॅनव्हास, इस्त्रीने चिकटवलं तर फ्यूजिंग. दुसरं स्वस्त, पण पुढेमागे त्याला फोड येतात. सूटेच्छुक म्हणतो, "टिकाऊ असेल ते घाला." मग टिकाऊची शिलाई ऐकतो आणि खोकं पुन्हा काखेला मारतो.

ठाण्याच्या मॉलमध्ये तो जातो, पण ते एसीत फिरणं. किंमत वाचायची असली तरी तो आधी कापड चुरगाळून बघतो, अस्तर चाचपतो आणि जाता जाता नजर पडल्यासारखी चिठ्ठी उलटवतो. मग सेल्समनला गंभीरपणे सांगतो, "कलर जरा डल वाटतोय."

शेवटी जायचं तिथेच जावं लागतं. कल्याणच्या पुढे, उल्हासनगरला, गजानन मार्केटात. फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांना इथल्या लष्करी छावण्यांच्या बराकींत उतरवलं, 1949 मध्ये वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं, तरी रिक्षावाला अजून "कौनसा कॅम्प?" असंच विचारतो. इथल्या मालावरचा 'यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सूटेच्छुक रिक्षातच बायकोला ऐकवतो. ती खिडकीबाहेर बघते, म्हणजे रिक्षाला खिडकी असती तर बघितलं असतं. दुकानात पाऊल टाकल्यावर दुसरा विनोद: "शेठ, सुटावर सूट किती?" शेठने तो सकाळपासून ऐकलेला असतो. तरी हसतो, ते हसणं किमतीत धरलेलं असतं.

आता आरसा. पोरगा कोट चढवतो, मागे जाऊन उभा राहतो आणि पाठीवरचं जादा कापड हळूच मुठीत धरतो. पुढून कोट असा बसतो, की जणू लंडनहून माप आणलंय. "क्या पर्सनॅलिटी है साहब!" साहेबांना आपली पर्सनॅलिटी मागे कुणाच्या मुठीत आहे याचा पत्ता नसतो. पण इथे शेठ एक खरी गोष्ट सांगतो आणि ती याच्या डोक्यात कायमची बसते: "बाही कमी होते, कंबर ढिली होते, शोल्डरला इलाज नाही. शोल्डर हाडावर संपला पाहिजे." व्हिडिओ कॉलवरून मुलगी ओरडते, "काळा नको, केटरिंगवाले वाटाल!" नेव्ही ब्लू ठरतो. हा म्हणतो, "आत मार्जिन ठेवा, पुढेमागे वजन वाढलं तर." बायको म्हणते, "पुढे वाढायला जागा कुठे आहे?" ती दोनदा दुकानाबाहेर निघते, दोनदा परत बोलावली जाते आणि सूट बेचाळीसशेला तुटतो, वर टाय फुकट.

लोकलमध्ये तो सूट हँगरला लटकवून, छताच्या कडीला हात असल्यासारखा, डोंबिवलीपर्यंत उभा येतो. "कितीला पडला?" हा प्रश्न विठ्ठलवाडीलाच येतो. उत्तरं तीन असतात. मेव्हण्याला पाच, शेजाऱ्यांना साडेसात आणि ऑफिसात आकडा नाहीच, नुसतं "ठाण्याला घेतला". बूट, बेल्ट आणि शर्ट मिळून सुटापेक्षा महाग पडतात, ते तो कुठल्याच उत्तरात धरत नाही.

रिसेप्शन मे महिन्यात. हॉलचा एसी स्टेजपासून चार हात लांब थकतो. घामाच्या धारा लागल्यात, पण कोट उतरत नाही, कारण आत शर्टाला इस्त्री फक्त कॉलर, कफ आणि टायभोवतीचा वीतभर. कोटाची दोन्ही बटणं लावलेली. खालचं उघडं ठेवायचं असतं असं भाचा सांगतो, तर म्हणतो, "पैसे दोन्ही बटणांचे दिलेत." बाहीवरची कंपनीची पट्टी तशीच, कारण ती उसवली तर कंपनी कळणार कशी? खिशांचे टाकेही कुणी उसवलेले नसतात, म्हणून आहेराची पाकिटं घेऊन यजमान दोन्ही हात भरून सगळ्यांना नमस्कार करत उभा. त्याच रात्री आहेरात दोन नवे सूटपीस येतात.

पुढे सूट कपाटात जातो. पँट ऑफिसला जात नाही, कारण "सेट तुटेल". पण गणपतीनंतर तिसऱ्या मजल्यावरचे काका कुंडलीपासून सुरुवात करून हळूच मुद्द्यावर येतात: मुलाचं लग्न आहे, एका दिवसापुरता तुमचा तो कोट... सूटेच्छुक त्यांना उभं करतो, खांद्यावर हात फिरवतो आणि डॉक्टरसारखी मान हलवतो. "काका, बाही कमी होते, कंबर ढिली होते. शोल्डरला इलाज नाही. रविवारी मोकळे आहात का?"

रविवारी गजानन मार्केटात काका आरशासमोर उभे असतात, मागे कापड मुठीत धरून हा उभा असतो. "बघा काका, काय बसलाय!" दुकानातला पोरगा काम नसल्यामुळे चहा आणायला गेलेला असतो.