शेवटचे आठ उरले होते

"सुनीता, आकडी जरा डावीकडे घाल. ती जाड शेंग माझ्या बाजूची आहे."

शेवगा आमचा, पण फांद्यांना हद्द कळत नाही. सातारच्या आमच्या कॉलनीत नलूवहिनींच्या आणि आमच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. शेंगा पाडायला गेले की वहिनी पलीकडे परात घेऊन हजर. आज मात्र त्यांचे डोळे सुजलेले दिसले.

"रडलात की काय, वहिनी?"

"रडतेय कशाला! दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. अगं, रात्री साडेनऊला ताट वाढलं, पाच हाका मारल्या. शेवटी वायफायचं बटण बंद केलं. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नसते. रोहन असा धावत आला, जसं काही घराला आग लागली! 'आई, शेवटचे आठ उरले होते गं!' म्हणे. जेवलाच नाही. ताट झाकून ठेवलं, सकाळी भात मांजरीला घातला."

"बीजीएमआय का?"

"तेच गं, पूर्वीचं पब्जी. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं बंदी घातली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. वर्षाच्या आत, जुलै 2021 मध्ये, नवं नाव लावून हजर! पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा हटवलं, मी पुन्हा साखर ठेवली. मे 2023 मध्ये पुन्हा आलं. आता साखर ठेवायचं सोडलंय, देवालाही मधुमेह व्हायचा. आणि जिंकला की ओरडतो काय, तर 'चिकन डिनर!' आमच्या घरात अंडं शिजत नाही, सुनीता. शेजारपाजारचे काय म्हणत असतील?"

शेजारपाजार म्हणजे मीच. मी काही म्हणत नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता, त्यानं मला शेजारी बसवून हा खेळ दाखवलाय. म्हटलं, "वहिनी, आठ उरले होते म्हणजे काय, ठाऊक आहे का? शंभर जण विमानातून छत्रीनं उतरतात. हातात काही नाही. बंदूक, औषध, टोप, सगळं शोधायचं. त्यात खेळायची जागा आक्रसत जाते, वर्तुळाबाहेर राहिलं की जीव जातो. शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. शंभरातले ब्याण्णव गेले, अर्धा तास झाला, आता काय ते ठरणार, आणि तुम्ही बटण दाबलंत!"

"मग भात गार होऊ द्यायचा?"

"ऐका तर. चौघांची टोळी असते. एकाला गोळी लागली की तो लगेच मरत नाही, रांगत राहतो. भिडूनं धावत येऊन त्याला उठवायचं. रोहन मधेच गेला, म्हणजे बाकीचे तिघे उघड्यावर. तुमचे मामंजी मेंढीकोट खेळायचे ना? भिडू हुकूम हातात ठेवून उठून गेला असता तर?"

वहिनींना हसू फुटलं. "मामंजी? त्यांनी जन्मात बोलणं टाकलं असतं त्याच्याशी! माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन मी ओसरीवर तासभर उभी होते. 'एवढा डाव होऊ दे, सूनबाई.' एवढा, एवढा करत दहा वाजले. पण सुनीता, ते दिवाळीपुरतं. हा चार वर्षं एकच खेळ खेळतोय. कंटाळा कसा येत नाही?"

"कारण तो संपतच नाही. सिनेमा संपतो, कादंबरी संपते. यात हंगाम असतात. हंगाम संपला की तुमची श्रेणी खाली उतरते, पुन्हा चढायची. वर पैसे भरून पास घ्यायचा, मग रोजची कामं पुरी केली तर बक्षिसं, नाही केली तर पैसे वाया."

"म्हणजे आपली भिशीच की! एकदा शिरलं की मधे सोडता येत नाही."

"अगदी भिशी. फक्त नंबर लागला की हातात पैसे नाहीत, रंगीत कपडे. बंदुकीला नवा रंग. त्यानं गोळी काही जास्त जोरात लागत नाही. पण चारचौघांत मिरवता येतं. आपण नाही का हळदीकुंकवाला तीच पैठणी बाहेर काढत?"

वहिनींनी पदर सावरला, विषय बदलला. "तुझ्या सासूबाई काय करताहेत? दिसत नाहीत आज."

"त्याच करताहेत, कँडी क्रश! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. दोन हजारांच्या पुढे गेल्यात. हरलं की एक जीव जातो. पाच गेले की खेळ बंद, पुढचा जीव अर्ध्या तासानं. तेवढ्या वेळात त्या वाती वळतात. आमच्याकडे वर्षभराच्या वाती तयार आहेत, त्यावरून ओळखा किती वेळा हरल्या असतील. चार दिवस एकाच ठिकाणी अडकल्यात. रोज म्हणतात, 'एकच चाल कमी पडली गं!'"

"चॉकलेटवाली पातळी असेल. फोडलं नाही की ते वाढत जातं, फार नडतं." वहिनी सहज बोलून गेल्या. मीही सहजच ऐकलं, मान वर करून शेंगेकडे बघत होते.

"त्या एका चालीतच सगळी मेख आहे," मी म्हटलं. "आमची मेघा मानसशास्त्र शिकते ना, ती सांगत होती. स्किनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक टोचा मारल्यावर दाणा मिळाला की कबूतर दाणा खाऊन जरा थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा पडला की ते टोचत सुटतं, थांबतच नाही. सासूबाईंचा हा कँडी क्रश 2012 साली आला. 2016 मध्ये तो काढणारी कंपनी 590 कोटी डॉलरला विकली गेली. हे सगळे दाणे बरं का, वहिनी."

"मग चांगलं का म्हणतेस याला?"

"चांगलं म्हणत नाही. पण सगळे दाण्यासाठीच जातात, असंही नाही. मेघानं मला एक माहितीपट दाखवला. नॉर्वेतला मुलगा, मॅट्स स्टीन. स्नायू झिजत जाण्याचा आजार, चाकाच्या खुर्चीत. तळघरातल्या खोलीत दिवसरात्र वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. शेवटच्या दहा वर्षांत पंधरा ते वीस हजार तास! आईबाप जळत होते जिवाला, की पोराला ना मित्र ना मैत्रीण, आयुष्य खेळात गेलं. 2014 मध्ये गेला, पंचविसाव्या वर्षी. बापानं त्याच्या ब्लॉगवर कळवलं, आणि परक्या देशांतून पत्रांचा पाऊस. कोणाला त्यानं लेकाशी बोलायला शिकवलं होतं, कोणाला उमेद दिली होती. अंत्ययात्रेला लोक दुसऱ्या देशांतून आले. खुर्ची कोणी पाहिलीच नव्हती. त्यांना तो माहीत होता आयबेलिन म्हणून, धिप्पाड, चालताबोलता."

वहिनी बराच वेळ परातीतल्या शेंगा सारख्या करत राहिल्या. "बापाला केवढं वाटलं असेल," एवढंच म्हणाल्या. मग एकदम, "पण माझा धडधाकट आहे! त्याला काय गरज?"

"पहिल्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले होते ना? तेव्हा घरी पाहुणा आला की काय विचारायचा? 'मार्क किती?' त्या खेळात त्याला कोणी विचारत नाही. तिथं तो येतो म्हणून तिघे थांबतात. वाट बघणारं माणूस असलं की पाय आपोआप वळतात, वहिनी."

"आणि वेड लागलं तर?"

"लागतंही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 पासून आजारांच्या यादीतच घातलंय. पण घड्याळ लावून नाही ठरवत. खेळ हातात राहत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तर आजार. रोहन कॉलेजला जातो, त्या राहिलेल्या विषयांतून सुटला, परवा माझा सिलिंडरही त्यानंच आत आणून दिला. झोपेकडे मात्र लक्ष ठेवा."

"आणि जेवणाचं?"

"डाव सुरू व्हायच्या आधी विचारा. 'पुढचा घेऊ नकोस, पोळ्या टाकतेय.' अर्ध्या तासाचा डाव, तेवढ्यात तुमची कणीक मळून होते."

वहिनींना पटलं असावं. "साडेनऊ नको मग, नऊलाच विचारते," म्हणत परात कमरेवर घेतली आणि वळल्या. तेवढ्यात आमच्या ओसरीवरून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"नलू आहे का गं तिकडे? तिला म्हणावं, एक लाईफ पाठव. रात्री दीडला पाठवलंस तसं! पाचही संपलेत माझे."

मी आकडी खाली घेतली. वहिनींची पाठ माझ्याकडेच होती, पण कान लाल झालेले दिसत होते.

"डोळ्याला डोळा नाही म्हणालात ना, वहिनी?"

"रोहनच्या काळजीनं झोप येत नव्हती, म्हणून जरा..."

"कितवी पातळी?"

"सतराशे बारा," वहिनी हळूच म्हणाल्या. मग भिंतीपाशी परत आल्या आणि माझ्या सासूबाईंना ऐकू जाईल असा आवाज काढला, "पाठवते हो, काकू! पण रोहनला सांगू नका."