गाडीकाका

आयुष्यात कुणापुढे वाकलो नाही, असं गाडीकाका छाती पुढे काढून सांगतात. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण गाडीपुढे ते कधी वाकलेले नाहीत याला मी साक्षीदार आहे. गाडी गुडघ्याच्या खालीही असते, हे त्यांना तत्त्वतःच मान्य नाही.

आमच्या कॉलनीत जुनी गाडी घ्यायची तर काकांना बरोबर न्यावं लागतं. लग्नाच्या बोलणीला कुणी तरी वडीलधारं न्यावं, तसं. काका बँकेतून निवृत्त झाले. इंजिनियर नव्हेत, गॅरेजही कधी चालवलं नाही. पण 'काकांनी बघितलीय' एवढे दोन शब्द आमच्याकडे विम्यासारखे चालतात. गाडी बघायला निघताना ते कडक इस्त्रीची पांढरी पँट घालतात. मिस्तऱ्याला गाडीखाली शिरायचं असतं, म्हणून त्याचे कपडे काळपट निळे. काकांची पांढरी पँट दिसली की तपासणी कुठपर्यंत पोचणार, हे जाणत्या एजंटाला लांबूनच कळतं.

विधी ठरलेला असतो. हात मागे बांधून गाडीला एक प्रदक्षिणा. मग पुढच्या चाकाला बुटाची हलकी लाथ. ही कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "टायर कळतो," म्हणाले. मग बॉनेट उघडून इंजिन सुरू करायला लावायचं, एक हात मडगार्डवर ठेवायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटून उभं राहायचं. अर्ध्या मिनिटानं डोळे उघडतात. "लोणी," म्हणतात. त्यांनी एखाद्या इंजिनाला ताक म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

काकांचं शिक्षण फियाटवर झालं. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस. नवी गाडी मिळायचीच नाही, त्यामुळे हाती लागलेली जुनी कधी कधी नव्यापेक्षा महाग पडायची. अशा बाजारात गाडी तपासायची नसते, तिचे आभार मानायचे असतात. काका तेव्हापासून आभारच मानताहेत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिचा पत्रा बोटानं दाबून त्यांनी 'बिस्किटाचा डबा' असा निकाल दिला होता म्हणे. पुढे त्यांनी कॉलनीला असे कितीतरी डबे घ्यायला लावले, ती गोष्ट वेगळी. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईच्या गाड्या नाकापर्यंत बुडाल्या, आणि धुऊन-पुसून त्यातल्या काही पुण्याच्या बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आत गाळाची रेघ सापडते, हे तेव्हा बऱ्याच जणांना कळलं. काका सीटबेल्ट ओढत नाहीत. त्या वर्षी त्यांनी लोणी ठरवलेल्या एका गाडीच्या पुढच्या दिव्यात दिवाळीपर्यंत पाणी हिंदकळत होतं.

एवढं सगळं ठाऊक असूनही मी त्यांना घेऊन गेलो. गाडी तेरा वर्षांची, पांढरी, छोटी, एमएच ०८.

"रत्नागिरीची!" काका खूश झाले. "शुद्ध हवा. ट्रॅफिक नाही. क्लचला कोणी हात लावला नसेल."

कोकणच्या हवेबद्दल मला कुणी सांगायला नको होतं. आजोळ तिकडचंच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले दिवस समुद्रावरचा खारा वारा. आजोबा खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवत आणि तरी रंगाखाली पापुद्रे फुगत. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ आलं की त्याच कामाला कंत्राटदार मिळतो. पण खिडकीचा गज वेगळा आणि गाडी वेगळी, अशी त्या दिवशी माझी ठाम समजूत झाली होती, कारण गाडी चमकत होती.

एजंटाची पत्र्याची शेड होती. तिचाही पत्रा गंजलेला होता, पण तिनं ते लपवलं नव्हतं. "सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी," एजंट म्हणाला. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकल्या गेलेल्या डॉक्टरांच्या गाड्या मोजल्या, तर आपल्याकडे पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त निघतील. त्यानं एक छापील कागदही दिला. एकशे वीस बाबींची तपासणी, आणि समोर एकाच तिरक्या हातानं केलेल्या एकशे वीस खुणा. त्यात 'सनरूफ : उत्तम' असंही होतं. गाडीला सनरूफ नव्हतं.

बायकोनं निघताना फ्रिजवरचं चुंबक खिशात घातलं होतं, महाबळेश्वरहून आणलेली स्ट्रॉबेरी. पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही, हे तिला भावानं सांगितलेलं. स्ट्रॉबेरी दारांना चिकटली. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर लावली तर टपकन खाली पडली.

"चुंबक जुनं झालंय," काका म्हणाले.

"थोडी लांबी भरलीय साहेब, टचअप," एजंट म्हणाला. रंगारी पुट्टीला लांबी म्हणतात. कागदावर त्या गाडीची लांबी साडेतीन मीटर होती. त्या कमानीत मात्र लांबी किलोवर मोजायची वेळ होती.

मी गुडघा टेकून खाली डोकावलो. खालून ताजं काळं कोटिंग, डांबरासारखं चकचकीत. "ते आपल्याकडून फुकट," एजंट म्हणाला. तेरा वर्षांच्या गाडीचं पोट तिच्या तोंडापेक्षा तरुण दिसत होतं.

"अरे, कशाला गुडघे मळवतोस?" काका म्हणाले. "मी बघितलंय ना."

मी उठलो. याचं खापर काकांवर फोडता येणार नाही. मला उठायचंच होतं. पैसे काढून आणलेले होते, मुलीनं गाडीचं नावसुद्धा ठरवलं होतं. खाली काही निघालं असतं तर ते सगळं घरी जाऊन सांगावं लागलं असतं.

पुढचं भराभर झालं. फॉर्म २९, फॉर्म ३०, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा. पीयूसीवाल्यानं नंबर प्लेटचा फोटो काढला आणि मला चहा विचारला. नळी गाडीला लावली की नाही ते आठवत नाही. ट्रान्सफरच्या कामासाठी गाडी न्यायची का, असं विचारलं तर एजंट हसला. "गाडीचं काय काम?"

जुलैत ताम्हिणीच्या रस्त्यावर पंक्चर झालं. दाराखालच्या पट्टीला, गॅरेजवाले जिला रनिंग बोर्ड म्हणतात तिला, जॅक लावला आणि फिरवत गेलो. जॅक वर गेला. गाडी जागीच राहिली. कर्रकन आवाज आला, आणि काकांचा १९८३चा निकाल अर्धाच बरोबर होता हे मला पटलं. तो आवाज डब्याचा नव्हता, आतल्या बिस्किटांचा होता.

मिस्तऱ्यानं गाडी लिफ्टवर घेतली आणि काळ्या कोटिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. मिस्तरी शांतपणे सांगत होता. दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती लाल माती न् पाल्यानं बुजली होती. पाणी आत साचलं, पट्टी आतून कुजली. गंज पत्र्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग बाहेर फुगतो. कुणीतरी ते फोड तासून लांबी भरली आणि वर रंग मारला. खालून कोटिंग मारल्यामुळे आतल्या ओलाव्याला बाहेर पडायची वाट उरली नाही. म्हणजे मला फुकट मिळालेली वस्तू गंजाच्या सोयीसाठी होती. मग त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. खाली तेलाच्या डब्याचा पत्रा रिबिटांनी ठोकलेला होता, त्यावर अर्धी शेंग दिसत होती. तो पत्रा उचकटल्यावर गॅरेजची फरशी दिसली. सनरूफ होतं तर. फक्त खालच्या बाजूला होतं.

काकांकडे गेलो तेव्हा ते पोहे खात होते. सगळं ऐकून घेतलं. "इंजिनाला काही झालं?" विचारलं. नाही म्हणालो. "मग!"

एजंट दर गाडीमागे काकांना चहापाण्याचे दोन हजार देतो, हे मिस्तऱ्याकडून कळलं. मी काही दिवस त्यांना लबाड समजत होतो. नंतर जाणवलं की लबाड माणूस खाली वाकून बघतो आणि सांगत नाही. काका बघतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात खोटं शोधून सापडत नाही. आणि लोक त्यांना नेतात तेही यासाठीच. गाडी मनात आधीच घेऊन झालेली असते. 'घे' म्हणायला कुणीतरी पांढऱ्या पँटीतलं हवं असतं.

दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीजवळ जायला लागला. दोन वर्षांनी पंधरा पुरी होणार, पुन्हा पासिंग. मी थोडं वेल्डिंग करून घेतलं. थोडी लांबी भरून घेतली. कोटिंग मिस्तऱ्यानं सुचवायच्या आधी मीच सुचवलं.

गिऱ्हाईक काकांनीच आणलं, कॉलनीतला नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा. प्रदक्षिणा झाली, लाथ झाली. "लोणी," काका डोळे उघडून म्हणाले. मी हळूच कार्पेटची घडी पायानं सरळ केली.

"आधी कुणाची होती?" मुलानं विचारलं.

"डॉक्टरांची," मी म्हणालो. मला तरी तसंच सांगितलं होतं.

मुलानं फोनचा टॉर्च लावला आणि खाली बसला. काकांनी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या आधी मीच बोलून गेलो.

"अरे, कशाला गुडघे मळवतोस?"

तोपर्यंत तो पाठीवर झोपून अर्धा गाडीखाली गेला होता. "असू द्या काका, बर्मुडाच आहे," आतून आवाज आला. गाडीकाका काहीतरी उत्तर देणार होते, पण तो मला म्हणत होता.