०.४ टक्क्यांचं काय मनावर घेता!

ऑस्ट्रेलियात २०१३ साली ठगांची संकेतस्थळं बंद करायची होती. गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना लुबाडणारी. चांगलंच होतं, ठगांची वकिली आम्ही करत नाही. सरकारी हुकूम सुटला, इंटरनेट कंपन्यांनी आयपी पत्ता अडवला. त्या पत्त्यावर आणखी सुमारे १,२०० संकेतस्थळं नांदत होती, तीही गेली. पुढे संसदेत विचारणा झाली, तेव्हा आधीचा एक पराक्रम बाहेर आला. तिथला आकडा अडीच लाखांचा! खुलासा असा, की एका पत्त्यावर अनेक संकेतस्थळं असू शकतात, हे हुकूम काढणाऱ्या साहेबांना ठाऊकच नव्हतं.

असू दे. अज्ञानाला आपण माफ करतो, बढतीही देतो. पण खुलाशातला पुढचा भाग फार गोड आहे. त्या अडीच लाखांपैकी ९९.६ टक्के ठिकाणी म्हणे विशेष मजकूरच नव्हता.

रिकामीच होती हो! हे तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सुचलं नसतं. ‘सी’ विंगमध्ये एकाने मटक्याचा अड्डा काढला, म्हणून मेन गेटला कुलूप. आजोबांचं डायलिसिस, पोरांची शाळा, खालची गिरण, सगळं आत. विचारायला जावं, तर सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणणार, अहो, निम्मे फ्लॅट इन्व्हेस्टमेंटचे, तिथे राहतंय कोण? मग रिकाम्या फ्लॅटांची सरासरी काढून ते सिद्ध करणार, की आजोबांची गैरसोय दशांश चिन्हाच्या पलीकडे आहे. जनरल बॉडीत आभाराचा ठराव, चहा, वेफर्स. आणि मटकेवाला? तो कधीच मागच्या भिंतीवरून उडी मारून पलीकडच्या सोसायटीत. त्याचं डिपॉझिटही बुडालं नाही.

अडीच लाखांचे ०.४ टक्के म्हणजे एक हजार. एक हजार चालती संकेतस्थळं! आणि ही कोणाची असतात? आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्तेच मुळात सुमारे ४२९ कोटी, म्हणून स्वस्तातल्या होस्टिंगवर शेकडो जण एकाच पत्त्यावर कोंबलेले. बड्यांना स्वतःचा पत्ता परवडतो. मसाल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकूंना, गावच्या वाचनालयाला नाही परवडत. मार बसतो तो यांना, दर वेळी यांनाच. ठग दुसरा पत्ता घेऊन संध्याकाळी पुन्हा धंद्याला.

आपल्याकडे तर आणखी सोय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघणारे संकेतस्थळं अडवण्याचे हुकूम २००९ च्या नियमांतल्या १६ व्या नियमाने गोपनीय. असा हुकूम शेजाऱ्यावर निघाला आणि कंपनीने सरळ पत्ताच अडवला, तर काकूंना कळायचं कसं? त्या बिचाऱ्या राउटर बंद-चालू करत बसणार. होस्टिंगवाल्याला फोन केला, की तो मात्र तत्पर. म्हणतो, मॅडम, स्वतंत्र आयपी घ्या ना, महिन्याला थोडे जास्त पडतील. म्हणजे दंडही काकूंनीच भरायचा, आणि तोही हप्त्याने.